टी.व्ही. बंद पडला, पण गेले काय?



मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याचे केंद्र आपल्या वरळीतच आहे. इथल्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत संच बंद पडला की कोणी तो भंगारात देतो, कोणी फ्यूज बदलून पाहतो. पण जळालेला भागच दोषी असतो असे नाही.

फ्यूजची काच आतून काळी झाली असेल तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. बहुधा डायोड किंवा ट्रान्झिस्टर गेलेला असतो. तो न बदलता नवा फ्यूज घातला तर तोही उडेल, आणि फ्यूजऐवजी तार गुंडाळणे म्हणजे आगीला आमंत्रण.

फ्यूज शाबूत असून लाल दिवा नुसताच लुकलुकत असेल, तर पॉवर सप्लायमधले नळकांड्यासारखे कपॅसिटर तपासावेत. माथा सपाट हवा; फुगलेला किंवा पाझरलेला कपॅसिटर निकामी समजावा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा अधिक असावेत.

आवाज येतो, पण एलईडी पडदा काळाच? त्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकावा. पुसट चित्र दिसले तर पडद्यामागचा प्रकाश गेला आहे, पडदा नव्हे.

प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब उरू शकतो. म्हणून झाकण जाणत्या कारागिरानेच उघडावे. आपण त्याला लक्षणे नेमकी सांगावीत: दिवा लागतो का, आवाज येतो का, चित्र दिसते का. तेवढ्याने अख्खा बोर्ड बदलण्याचा खर्च वाचू शकतो.