मर्यादित मोबाइल डेटा योजना आणि ग्राहकांचा प्रतिसाद : विशेष संदर्भ गोंदिया जिल्हा

प्रस्तावना :

गोंदिया जिल्ह्यातील धान उत्पादक शेतकऱ्यास पीक पाहणीची नोंद करावयाची असो, विद्यार्थ्यास महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असो किंवा नागपूर-हैदराबादकडे कामास गेलेल्या मजुरास घरी पैसे पाठवावयाचे असोत, या प्रत्येक कामासाठी आज स्मार्टफोन व त्यावरील इंटरनेट आवश्यक ठरले आहे. हे इंटरनेट ग्राहकास मोजून मिळते. दररोज १ जीबी, १.५ जीबी किंवा २ जीबी, आणि त्यानंतर मंद गती, असे प्रीपेड योजनांचे प्रचलित स्वरूप आहे. या मर्यादेस ग्राहक कसा प्रतिसाद देतो आणि तो तसा का देतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखाचा आधार दुय्यम साधने हा असून त्यात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) विनियम, कंपन्यांचे जाहीर दर आणि प्रकाशित संशोधन यांचा समावेश होतो.

मर्यादेविषयीची चर्चा बहुधा 'किती जीबी' या प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाच्या मते, ग्राहकाचे वर्तन घडविणारा घटक वेगळा आहे. तो म्हणजे मर्यादा किती काळासाठी विभागली आहे हा. दिवसास दीड जीबी आणि २८ दिवसांस ४२ जीबी या दोन्ही योजना गणिताने सारख्या असल्या तरी ग्राहकाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू होत.

मर्यादेचे बदलते स्वरूप :

स्मार्टफोनवरील अमर्याद डेटा बंद करण्याच्या निर्णयांपैकी सर्वाधिक गाजलेला निर्णय अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचा होय. जून २०१० मध्ये या कंपनीने नव्या ग्राहकांसाठी अमर्याद योजना थांबवून २०० एमबी व २ जीबी अशा मासिक मर्यादेच्या योजना आणल्या. जुन्या ग्राहकांची अमर्याद योजना नावापुरती कायम राहिली; ठरावीक वापरानंतर त्यांची गती मात्र कमी केली जाऊ लागली. याविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये दावा दाखल केला व २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तक्रार मर्यादा असण्याबद्दल नव्हती, 'अमर्याद' या शब्दाबद्दल होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात प्रश्नाचे रूप निराळे होते. २०१५ पर्यंत नेट पॅक संपल्याचे ग्राहकाच्या लक्षात येण्यापूर्वीच मुख्य शिलकीतून पैसे कापले जात. त्यामुळे काम झाले की नेट बंद करून ठेवण्याची सवय सर्वत्र रुजली. ट्रायने ऑगस्ट २०१५ मध्ये ग्राहक संरक्षण विनियमांत दुरुस्ती करून डेटा सेवा ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय सुरू करण्यास मनाई केली आणि ती सुरू वा बंद करण्यासाठी १९२५ हा क्रमांक दिला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची व्यावसायिक सेवा सुरू झाली. प्रारंभी दररोज ४ जीबी मोफत, जानेवारी २०१७ पासून दररोज १ जीबी मोफत, आणि एप्रिल २०१७ मध्ये ३०९ रुपयांत ८४ दिवस दररोज १ जीबी, असा तिचा क्रम होता. अन्य कंपन्यांनी हाच साचा स्वीकारला. ट्रायच्या आकडेवारीनुसार एक जीबीचा सरासरी खर्च २०१४ मध्ये अडीचशे रुपयांहून अधिक होता, तो २०१८ मध्ये बारा रुपयांच्या आसपास आला.

म्हणजे पैसे कापले जाण्याची भीती गेली व तिच्या जागी दिवस संपण्याआधी डेटा संपण्याची चिंता आली. नेट बंद ठेवण्याची सवय मात्र राहिली. तिचे कारण तेवढे बदलले.

गती कमी होणे म्हणजे काय :

दैनिक मर्यादा संपल्यावर सेवा बंद होत नाही, गती ६४ केबीपीएसवर येते, असे बहुतेक योजनांच्या अटींत म्हटलेले असते. हा आकडा उलगडून पाहणे आवश्यक आहे. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदास ८ किलोबाइट. या गतीने १ एमबीची धारिका उतरविण्यास दोन मिनिटांहून किंचित अधिक वेळ लागतो आणि १ जीबीसाठी सुमारे ३५ तास लागतात. चोवीस तास अखंड वापर केला तरी ७०० एमबीसुद्धा पूर्ण होत नाहीत. शिवाय अनेक संकेतस्थळे ठरावीक वेळात प्रतिसाद न मिळाल्यास जोडणी तोडतात. त्यामुळे कागदोपत्री सेवा चालू असते, अर्जाचे पान मात्र उघडत नाही.

ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशानुसार वापर मर्यादेच्या ठरावीक टप्प्यांवर पोहोचल्यावर ग्राहकास सूचना देणे बंधनकारक केले. त्याच निर्देशात स्थिर, म्हणजे घरी तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडची गती मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसपेक्षा कमी होऊ नये असे ठरविले. मोबाइलसाठी अशी तळरेषा आखली गेली नाही. ज्या जिल्ह्यात बहुसंख्य कुटुंबांचे इंटरनेट म्हणजे मोबाइलच, तेथे या फरकाचे महत्त्व शहरापेक्षा कितीतरी अधिक आहे.

ग्राहकांचा प्रतिसाद :

या विषयावरील तीन अभ्यास विशेष उपयुक्त आहेत. लॅम्ब्रेक्ट व स्कीरा यांनी २००६ मध्ये इंटरनेट ग्राहकांविषयी दाखवून दिले की, वापराप्रमाणे पैसे देणे स्वस्त पडत असतानाही अनेक ग्राहक एकरकमी दर निवडतात व त्यात समाधानी असतात. बिलाविषयी निश्चिंतता हीच त्यांच्या लेखी एक वस्तू असते. नेव्हो, टर्नर व विल्यम्स यांच्या २०१६ च्या अभ्यासात अमेरिकेतील मासिक मर्यादेचे ग्राहक दूरदृष्टीने वागतात असे आढळले. महिन्याच्या आरंभीच अधिक वापर झाला, तर मर्यादा गाठण्यापूर्वीच ते हात आखडता घेतात; कारण आज वापरलेल्या प्रत्येक जीबीची अदृश्य किंमत पुढच्या आठवड्यात मोजावी लागेल, हे त्यांना कळते.

हे तर्कशास्त्र दैनिक मर्यादेस लावून पाहिले की निराळेच चित्र दिसते. दैनिक मर्यादेत आजच्या काटकसरीचा उद्या काहीही लाभ नाही. दुपारपर्यंत ग्राहक जपून वापर करतो, परंतु रात्री दहानंतर उरलेल्या डेटाची अदृश्य किंमत शून्य होते. तो न वापरल्यास मध्यरात्री नष्टच होणार असतो. परिणामी दिवसा अभ्यासाचा व्हिडिओ टाळणारा विद्यार्थी रात्री झोपेच्या वेळी करमणुकीचे व्हिडिओ पाहतो. याला विद्यार्थ्याचा स्वभावदोष मानण्याची आपली शिक्षकांची प्रवृत्ती असते. दररचनेचा त्यातील वाटा मात्र आपण क्वचितच पाहतो.

तिसरा अभ्यास मार्शिनी चेट्टी व सहकाऱ्यांचा, २०१२ मधील. दक्षिण आफ्रिकेतील बारा कुटुंबांच्या या अभ्यासात मर्यादेपेक्षा अनिश्चितता अधिक त्रासदायक असल्याचे दिसले. शिल्लक किती हे दिसत नाही, कोणत्या क्रियेस किती डेटा लागतो हे कळत नाही, आणि घरातील कोणी किती वापरला हे सांगता येत नाही, अशी तिची तीन कारणे होती. शिल्लक आता ॲपमध्ये दिसते, परंतु उर्वरित दोन कारणे येथे आजही लागू पडतात. एका फोनच्या हॉटस्पॉटवर भावंडांचे फोन चालतात, ॲप आपोआप अद्ययावत होतात, आणि डेटा कोठे गेला हा प्रश्न शेवटी घरातील भांडणाचा विषय होतो.

गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ :

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धान, तलाव व वन यांचा आहे. येथील उत्पन्न हंगामी आहे. धानाचे पैसे कापणी-मळणीनंतर येतात, तेंदूपानाची मजुरी उन्हाळ्यात मिळते. रिचार्ज मात्र २८ दिवसांनी येतो, म्हणजे वर्षातून तेरा वेळा. हाती पैसा असेल तेव्हा ८४ दिवसांचा आणि नसेल तेव्हा सर्वात लहान रिचार्ज, असे वर्तन अशा कुटुंबाच्या दृष्टीने पूर्णतः विवेकी होय. प्रत्यक्षात दीर्घ मुदतीची योजना दररोजच्या हिशेबाने स्वस्त असते. त्यामुळे ज्याच्याकडे एकदम पैसे नाहीत त्यास तोच डेटा महाग पडतो.

गरजही सपाट नसते. ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तिच्यासाठी शेतकऱ्यास हंगामात मोजक्या दिवशीच छायाचित्रे पाठवावी लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या परीक्षा मोबाइल ॲपद्वारे घेतल्या, तेव्हा त्या दिवसांच्या त्या तासांतील जोडणी हीच काय ती गरज होती. वर्षभरात वाया गेलेले कित्येक जीबी अशा दिवशी उपयोगी पडत नाहीत. एका तासाच्या ऑनलाइन तासिकेस, चित्राच्या दर्जानुसार, साधारण अर्धा ते एक जीबी लागतो. दोन तासिकांत दिवस संपतो.

देवरी, सालेकसा या वनव्याप्त तालुक्यांत अडचण उलट दिशेची आहे. जेथे संकेतच क्षीण, तेथे मर्यादा गाठलीच जात नाही. ग्राहक दीड जीबीचे पैसे देतो, त्यातील लहानसा अंश वापरतो आणि उर्वरित भाग रोज मध्यरात्री परत करतो. या ग्राहकाची तक्रार कोणत्याही मर्यादाविषयक आकडेवारीत दिसणार नाही.

जिल्ह्याच्या सीमेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गोंदिया महाराष्ट्र दूरसंचार परिमंडळात आहे, तर वैनगंगा-बाघ नद्यांपलीकडील बालाघाट आणि पूर्वेकडील छत्तीसगडचा भाग दुसऱ्या परिमंडळात. सोयरीक व बाजार दोन्हीकडे असलेल्या कुटुंबांस पूर्वी अनेक डेटा पॅक आपल्याच परिमंडळापुरते चालत असल्याचा भुर्दंड पडे. जिओने आरंभापासून रोमिंग शुल्क ठेवले नाही आणि एअरटेलने ते एप्रिल २०१७ पासून रद्द केले. दोन सिम बाळगण्याचे एक कारण त्यामुळे संपले.

दरवाढ व स्थलांतर :

जुलै २०२४ च्या आरंभी तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढविले. जिओची २८ दिवसांची दररोज दीड जीबीची योजना २३९ वरून २९९ रुपयांवर गेली. ट्रायच्या आकडेवारीनुसार त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे २९ लाख ग्राहक वाढले आणि एअरटेल, व्होडाफोन आयडिया व जिओ या तिघांचे घटले. हा प्रतिसाद तीव्र होता, पण टिकला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बीएसएनएलचे ग्राहक पुन्हा घटू लागले. ग्राहकास दर कमी हवा होता हे खरे, परंतु गतीशिवाय कमी दरास तो फार काळ थांबला नाही. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे राष्ट्रार्पण त्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

नियामकाने दर ठरविण्याचे काम कंपन्यांवर सोडले असले तरी कालावधीबाबत हस्तक्षेप केला आहे. जानेवारी २०२२ च्या दुरुस्तीने प्रत्येक कंपनीस किमान एक ३० दिवसांची योजना देणे भाग पडले. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने केवळ बोलणे व एसएमएस यांसाठी स्वतंत्र व्हाउचर आवश्यक केले आणि विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस केली. साधा फोन वापरणाऱ्या वृद्धास डेटाचे पैसे द्यावे लागत, त्यास यातून दिलासा मिळाला. न वापरलेला दैनिक डेटा पुढे नेण्याविषयी मात्र सक्ती नाही. व्होडाफोन आयडियाने २०२० मध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरण्याची सोय दिली आणि जिओने २०२१ मध्ये दैनिक मर्यादा नसलेल्या काही योजना आणल्या. तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

महाविद्यालयांच्या कार्यपद्धतीशी असलेला संबंध :

अनेक ऑनलाइन अर्जांची मुदत अंतिम दिनांकास रात्री ११.५९ वाजता संपते. दैनिक डेटा मध्यरात्री नव्याने मिळतो. शेवटच्या दिवशी ज्या विद्यार्थ्याचा डेटा सायंकाळी संपला, त्यास पूर्ण गती मुदत संपल्यानंतर एका मिनिटाने परत मिळते. ज्याच्याजवळ जादा डेटाच्या लहान रिचार्जचे पैसे आहेत तो अर्ज भरतो. दुसरा सायबर कॅफे शोधतो किंवा राहून जातो. मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवण्यास महाविद्यालयास वा विभागास कोणताही खर्च येत नाही.

हीच बाब सूचनापत्रांची. स्वाक्षरी व शिक्क्यासह स्कॅन करून समूहावर पाठविलेली सूचना सहज ५ एमबीची होते आणि मंद गतीवर ती उघडण्यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागतो. तीच सूचना टंकलिखित स्वरूपात १०० किलोबाइटमध्ये बसते व सुमारे तेरा सेकंदांत उघडते.