विश्लेषण : ‘एगलेस’ म्हणजे ‘व्हीगन’ नव्हे! दूध-अंड्याविना केक पॉप घरी कसे कराल?

गेल्या वर्षी भाचीच्या चौथ्या वाढदिवसाला बेकरीतून केक पॉप मागवले होते. काडीवर खोचलेले, चॉकलेटमध्ये बुडवलेले, छोट्या लाडवाएवढे केकचे गोळे. तिला दुधाची ॲलर्जी आहे, हे ऑर्डर देताना फोनवर सांगितलं होतं. ‘एगलेस आहे, एकदम प्युअर व्हेज, काळजी करू नका,’ असं उत्तर आलं. खोक्यावर हिरवा ठिपकाही होता. अर्ध्या तासात पोरीच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले. वाढदिवस तसाच टाकून सगळे दवाखान्यात. सुदैवाने औषधाने लवकर उतार पडला.

बेकरीवाला खोटं बोलला नव्हता. केकमध्ये अंडं नव्हतंच. पण आम्ही दुधाबद्दल विचारलं होतं आणि त्याने अंड्याबद्दल उत्तर दिलं. ही गल्लत आपल्याकडे सर्रास होते. म्हणून यंदा केक पॉप घरीच केले. तीनदा फसले, चौथ्यांदा जमले. त्या खटाटोपात जे कळलं, ते इथे सांगतो.

हिरवा ठिपका नेमकं काय सांगतो?

फक्त ‘शाकाहारी’ एवढंच. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमांत मांसाहारी पदार्थाच्या व्याख्येत अंडी येतात, पण दूध, दुग्धजन्य पदार्थ, मध, मेणमाशीचं मेण आणि लाख हे त्यातून वगळलेले आहेत. म्हणजे दूध, मध आणि किड्यांपासून मिळणारी लाख या तिन्ही गोष्टी असलेल्या पाकिटावरही हिरवा ठिपका कायदेशीर आहे. व्हीगन आहारात यातलं काहीच चालत नाही.

आपल्याकडच्या एगलेस केकची आणखी एक गंमत आहे. अंडं काढलं की त्याची जागा बहुतेक वेळा कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घेतं. म्हणजे एगलेस केकमध्ये दूध साध्या केकपेक्षा जास्तच असण्याची शक्यता असते.

व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयने २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्हही ठरवलं : हिरव्या रंगातलं ‘व्ही’ अक्षर आणि त्याला फुटलेली पालवी. ते दिसलं तर उत्तमच. पण ॲलर्जी असलेल्यांनी त्यावरही थांबू नये. पाकिटाच्या मागे ‘मे कंटेन मिल्क’ अशी बारीक ओळ असू शकते. त्याच यंत्रावर दुधाचं चॉकलेटही बनत असेल तर अंश राहू शकतो. तत्त्व म्हणून व्हीगन झालेल्या माणसाने ती ओळ सोडून दिली तर चालेल, ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईवडिलांना ती सोडून चालणार नाही.

दूध पचत नाही, म्हणजे ॲलर्जी का?

नाही. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचवणारं विकर कमी असेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. ॲलर्जी मात्र दुधातल्या प्रथिनांची असते आणि तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणाच चवताळते. त्यामुळे ‘लॅक्टोज फ्री’ लिहिलेलं दूध पहिल्यांना चालतं, दुसऱ्यांना नाही. श्वास लागणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, ओठ-जीभ सुजणं अशी लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठायचं.

केक पॉप आले कुठून?

अमेरिकेतून. अँजी डडली या हौशी केक करणाऱ्या बाईंनी २००८ च्या सुमारास ते लोकप्रिय केले, २०१० मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पाठोपाठ कॉफीच्या दुकानांत काडीवरचा केक दिसू लागला. मूळ कृती सोपी : उरलेला केक कुस्करायचा, त्यात लोण्याचं आयसिंग कालवायचं, गोळे वळायचे, चॉकलेटमध्ये बुडवायचे. माझ्या आईने व्हिडीओ पाहून एका वाक्यात निकाल लावला, ‘अरे, हा तर काडीवरचा चुरम्याचा लाडू.’ तिचं बरोबर होतं आणि पुढे कामाला आलं तेही हेच.

दूध, लोणी, अंडी नाहीत, मग केक फुगणार कसा?

केक हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. अमेरिकेत टंचाईच्या काळात, दूध-लोणी-अंडी परवडत नव्हती तेव्हा, पाणी, तेल आणि व्हिनेगरवर होणारा चॉकलेट केक घरोघरी केला जायचा. त्याला तिकडे ‘वॅकी केक’ म्हणतात. तो आपोआपच व्हीगन आहे.

साधारण २५ गोळ्यांसाठी प्रमाण असं : मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा पाऊण छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा, सूर्यफुलाचं तेल ८० मिली, पाणी २४० मिली, व्हिनेगर १ मोठा चमचा, व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा १५ मिलीचा.

कोरडं सगळं एकत्र चाळून घ्या. साखर जाड असेल तर आधी पाण्यात विरघळवा. तेल, पाणी आणि इसेन्स घालून गुठळ्या मोडेपर्यंतच ढवळा, जास्त फेटलं की मैद्याचा चिकटपणा वाढतो आणि केक वातड होतो. व्हिनेगर सगळ्यात शेवटी. ते पडताच मिश्रणात बुडबुडे येतात, तेव्हा भांडं लगेच आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये गेलं पाहिजे. १८० अंश सेल्सियसला ३० ते ३५ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मंद आचेवर ४५ मिनिटांच्या आसपास. सुरी कोरडी निघाली की झाला.

इथे इंजिनिअरिंगची जुनी खोड उफाळून आली आणि मी हिशेब मांडला. एक छोटा चमचा सोडा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. तो पूर्ण निष्प्रभ करायला साडेतीन ग्रॅम ॲसेटिक ॲसिड लागेल. आपल्याकडच्या ४ टक्क्यांच्या व्हिनेगरच्या एका मोठ्या चमच्यात ते जेमतेम ०.६ ग्रॅम असतं. म्हणजे बराचसा सोडा व्हिनेगरने नाही, भट्टीच्या उष्णतेने फुटतो आणि मागे साबणासारखी चव ठेवू शकतो. जुन्या कृतींत एक पूर्ण चमचा सोडा असतो, मी पाऊणवर आणला. केक थोडा कमी फुगतो, पण फुगून तरी काय करायचंय, शेवटी त्याचा चुराच होणार आहे.

मग फसतं कुठे?

दुकानात. केक व्हीगन करणं सोपं, पण वरचं चॉकलेट, आतलं बांधणारं मिश्रण आणि सजावट यांत दूध लपून बसतं.

सगळ्यात मोठा गैरसमज डार्क चॉकलेटबद्दल आहे. रंग गडद म्हणजे दूध नाही, असं अजिबात नाही. कित्येक डार्क कंपाउंडमध्ये मिल्क सॉलिड्स असतात. घटकांच्या यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, कॅसिनेट, लॅक्टोज, मिल्क फॅट किंवा बटर ऑइल यांपैकी काहीही दिसलं तर पाकीट परत ठेवा. कोको बटर मात्र चालतं, ते कोकोच्या बियांचं तेल आहे, नावापुरतं बटर. यादी वाचायचा कंटाळा आला तरी तिच्या खालची ‘कंटेन्स’ची ओळ वाचाच. पाकीटबंद पदार्थात दूध असेल तर ते तिथे जाहीर करणं नियमाने बंधनकारक आहे. केक मटेरियलच्या दुकानात मोठी लादी फोडून सुटं कंपाउंड विकतात, ते स्वस्त पडतं, पण त्यावर लेबलच नसतं. ते घेऊ नका.

दुसरा सापळा मला तिसऱ्या प्रयत्नात सापडला. नारळाच्या दुधाची पावडर आणली होती. नाव नारळाचं, चित्र नारळाचं, आणि यादीत सोडियम कॅसिनेट, म्हणजे दुधाचंच प्रथिन! पावडर पाण्यात नीट मिसळावी म्हणून ते घालतात. ती पावडर शेजाऱ्यांकडे गेली आणि आमच्याकडे नारळ फोडला गेला.

रंगीत स्प्रिंकल्सचंही तेच. त्यांची चमक बऱ्याचदा लाखेची असते. यादीत ‘आयएनएस ९०४’ म्हणजे लाख, ९०१ म्हणजे मेणमाशीचं मेण, आणि १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. ॲलर्जीच्या दृष्टीने ही मोठी भानगड नाही, पण पॉप ‘व्हीगन’ म्हणायचे असतील तर आहे. त्याऐवजी सुक्या खोबऱ्याचा कीस, भाजलेले तीळ, सुकलेल्या गुलाबपाकळ्या वापरा. दिसायलाही बरे दिसतात. शेंगदाणे-काजू मात्र पाहुण्या मुलांची चौकशी करूनच.

गोळा काडीवरून का निसटतो?

मिश्रण ओलं झालं म्हणून. पहिल्या दोन वेळा माझे गोळे चॉकलेटच्या ग्लासात गटांगळ्या खात राहिले आणि हातात नुसती काडी.

केक पूर्ण थंड झाल्यावर कडेचा कडक भाग काढून बाकीचा हाताने रव्यासारखा कुस्करा. बांधायला ६० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात ४ मोठे चमचे नारळाचं पहिलं, दाट दूध मिसळा. हे मिश्रण गार झालं की घट्ट होतं, म्हणूनच ते उपयोगी. सगळं एकदम ओतू नका. निम्मं घालून मळा, मग चमच्या-चमच्याने वाढवा. कधी थांबायचं, याला आईचं माप : मुठीत दाबल्यावर मुटका वळला पाहिजे, आणि अंगठ्याने दाबल्यावर तो फुटला पाहिजे, चेपता कामा नये. तेलाचा केक मुळात ओलसर असतो, बहुतेक वेळा सगळं मिश्रण लागतच नाही.

२५ ग्रॅमचे गोळे वळा. वजनकाटा असेल तर खरंच वापरा, एकाला मोठा आणि एकाला लहान मिळाल्यावर वाढदिवसात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काडीचं टोक सेंटीमीटरभर वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून गोळ्यात मध्यापर्यंत खोचा. हे चॉकलेट सुकलं की काडीला डिंकासारखं धरून ठेवतं. मग अर्धा तास फ्रिजमध्ये.

आणि वरच्या कवचाला तडे?

गोळा फार थंड असला की जातात. फ्रिजमधून काढलेला गोळा गरम चॉकलेटमध्ये बुडवला की कवच लगेच कडक होतं, पण आतला केक नंतर खोलीच्या तापमानाला येताना प्रसरण पावतो आणि कवच फुटतं. फ्रीझरमध्ये तर ठेवूच नका. बाहेर काढून दहा मिनिटं थांबा. वर पाण्याचा दव दिसला तर कागदी रुमालाने हलकेच टिपा.

कवचासाठी ३०० ग्रॅम चॉकलेट आणि दोन छोटे चमचे खोबरेल तेल, अर्थात खाण्याचं. चॉकलेट वितळवताना पाण्याचा एक थेंबही पडला तर ते लापशीसारखं घट्ट होतं, म्हणून भांडं, चमचा, हात सगळं कोरडं हवं. कंपाउंड वापरत असाल तर नुसतं वितळवून काम होतं. कोको बटर असलेलं खरं चॉकलेट असेल तर दोन तृतीयांश वितळवा, आचेवरून उतरवा आणि उरलेलं बारीक चिरून त्यात ढवळत विरघळवा. असं न करता वापरलं तर ते मऊच राहतं आणि वर पांढुरके डाग येतात. मे महिन्यात विदर्भात कुणी हे करणार असेल तर मी दूध नसलेलं कंपाउंडच सुचवेन. खरं चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तिथे सावलीतही पारा त्याच्या कितीतरी वर असतो.

वितळलेलं चॉकलेट उंच, निमुळत्या ग्लासात ओता. गोळा सरळ आत, सरळ बाहेर, ढवळायचा नाही. काडी धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलक्या टिचक्या मारा, जादा चॉकलेट ओघळून जातं. स्टँड विकत आणायची गरज नाही, डब्यात तांदूळ भरून काड्या खोचल्या की झालं. तीळ किंवा कीस कवच ओलं असतानाच लावा.

किती दिवस टिकतात?

नारळाचं दूध असल्यामुळे बाहेर ठेवू नका. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. वाढायच्या आधी डबा न उघडता पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे दव डब्यावर धरतो, चॉकलेटवर नाही.

ॲलर्जी असलेल्या मुलासाठी करत असाल तर आणखी एक काम आहे. ज्या बीटरने एरवी लोणी फेटता, ज्या साच्याला तूप लावता, ती भांडी आधी साबणाच्या गरम पाण्याने घासून घ्या. साच्याला तेल आणि मैदा लावा. आणि वाढदिवसाला बाहेरचा केकही येणार असेल तर हे पॉप वेगळ्या टेबलावर, वेगळ्या चिमट्यासह. आमच्याकडे यंदा भाचीने स्वतःच्या हाताने डब्यावर चिठ्ठी चिकटवली होती : ‘हे माझे. तुम्ही पण खा. पण आधी हात धुवा.’