कान्हेरीतला सारिपुत्राचा स्तूप
(लेखमाला, भाग सहावा : प्रतीत्यसमुत्पाद)

१८३९ साली जेम्स बर्ड यांनी कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहासमोरचा एक स्तूप उघडला. आत तांब्याचे दोन लहान कलश होते. त्यांत राख, मोती, सोन्याचे तुकडे, आणि सोबत ताम्रपट. त्यावर त्रैकूटकांच्या राज्यातलं २४५ हे वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ४९४च्या आसपासचं. सिंधकडून आलेल्या बुद्धरुची नावाच्या दात्याने कृष्णगिरीच्या महाविहारात सारिपुत्राच्या नावे हा चैत्य उभारला, असं त्यात नोंदलंय. बोरिवलीच्या त्या डोंगरावर सारिपुत्राची आठवण निघावी आणि तिथल्याच ताम्रलेखात कार्यकारणाची ती प्रसिद्ध गाथाही असावी, हे मला फार मोलाचं वाटतं. कारण ती गाथा ऐकूनच सारिपुत्र बुद्धाकडे वळला होता.

तेव्हा त्याचं नाव उपतिष्य. राजगृहात भिक्षेला निघालेल्या अश्वजिताचा शांत चेहरा पाहून त्याने विचारलं, तुमचे गुरू शिकवतात तरी काय? अश्वजित म्हणाला, मी नवखा आहे, सार तेवढं सांगतो. कारणांतून जे जे उपजतं त्याची कारणं तथागतांनी दाखवली आणि ते कसं थांबतं हेही दाखवलं, एवढाच त्याच्या सांगण्याचा आशय. उपतिष्याला तेवढं पुरलं. त्याने लगेच जाऊन आपल्या मित्राला, पुढच्या मौद्गल्यायनाला, ते सांगितलं.

या आशयाचा उत्तरार्ध आपण बहुतेकदा सोडून देतो. ‘विश्वात सगळं एकमेकांशी जोडलेलं आहे’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर कुणाचंच दुःख हलत नाही. बुद्धाचं म्हणणं जास्त नेमकं आहे. हे असेल तर ते होतं, आणि हे नसेल तर ते होत नाही; हाच प्रतीत्यसमुत्पाद. यात नशिबाला जागा नाही, तसंच एकाच आदिकारणालाही नाही.

कान्हेरीच्या भिक्षूंचंच पाहा. वर्षावासात त्यांच्या अंगावर चीवर असे, ते कुठून आलं? तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, नाशिकचे दाते आहेत. चीवरासाठी सोळा कार्षापण, जोड्यांसाठीही पैसे, असे हिशेब आहेत. हा खर्च भागावा म्हणून अक्षयनिधी, म्हणजे कायमची ठेव, या रूपात शेतं लावून दिलेली होती. त्यांतलं एक मंगलस्थानातलं, म्हणजे आपल्या मागाठाण्यातलं. बंदरावर व्यापार चालला तर दान आलं, मागाठाण्यात भात पिकला तर अक्षयनिधीचं व्याज पोचलं, आणि कातळात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचं पाणी लेण्यालगतच्या टाक्यात साठलं, म्हणून उन्हाळ्यातही तिथे राहता आलं. यातलं कुठलंही एक सगळ्यांचं मूळ नाही, आणि यातलं कुठलंही एक नसतं तर चाललंही नसतं.

बुद्धाला मात्र मुख्यतः माणसाच्या आतली साखळी दाखवायची होती. अविद्या, संस्कार, विज्ञान (जाणीव), नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना (संवेदना), तृष्णा, उपादान, भव, जाती (जन्म), जरामरण अशी बारा निदानं. ही यादी शाळेतल्या पाठांतरासारखी म्हणून टाकण्याची नाही. ती सरळ रांगही नाही. स्वतः सारिपुत्रानेच विज्ञान आणि नामरूप यांना एकमेकांना टेकून उभ्या केलेल्या बोरूच्या दोन पेंढ्यांची उपमा दिली आहे. एक काढली की दुसरी पडते.

या साखळीत माझ्या मते सर्वांत कामाची जागा वेदना आणि तृष्णा यांच्यामध्ये आहे. स्पर्श झाला की सुखद किंवा दुःखद वेदना होणार, ते टाळता येत नाही. पण ‘हे मला हवंच’ किंवा ‘हे मला नकोच’ अशी ओढ तिच्यामागून यायलाच हवी असं नाही. संध्याकाळच्या बोरिवली लोकलमध्ये कुणाचा कोपर बरगडीत बसतो. दुखतं, हे खरं. त्यानंतर मनात जो राग पेटतो तो मात्र दुसरी घटना आहे, आणि त्या दोघांमध्ये क्षणभराची फट आहे. गोराई खाडीपलीकडच्या विश्व विपश्यना पॅगोडात सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली जी साधना चालते, ती याच फटीवर काम करते. शरीरावरची संवेदना पाहायची आणि तिच्यावर प्रतिक्रिया द्यायची नाही. बोरिवलीच्या पूर्वेला डोंगरातला सारिपुत्र आणि पश्चिमेला खाडीकाठी ही साधना, दोघांमध्ये दीड हजार वर्षांचं अंतर आहे, शिकवण तीच आहे.

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमधल्या बुद्धविहारांत हा विचार आणखी एका वाटेने पोचला. १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ईश्वराने जग निर्माण केलं या समजुतीविरुद्ध बुद्धाचा युक्तिवाद मांडताना प्रतीत्यसमुत्पादाचाच आधार घेतला. विषमता देवाने घडवली नसेल तर तिला माणसांनी घडवलेली कारणं असणार, आणि कारणं असली तर ती काढताही येतात. जातीच्या प्रश्नाला ही शिकवण भिडते ती इथे, आणि म्हणूनच तिला निव्वळ मनःशांतीचा उपाय म्हणणं मला अपुरं वाटतं.

पुढच्या भागात नागार्जुन. कारणांवर अवलंबून असलेल्या वस्तूला स्वतःचा असा स्वभाव उरतो का, हा प्रश्न त्याने कुठवर नेला ते पाहू.