टीव्हीवरचं रेकॉर्डिंग : कापलेलं जुळत का नाही?

जयपूरच्या आदर्श नगरातून मी पुन्हा तुमच्यासमोर आलोय. मागच्या भागात आपण सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून कार्यक्रम रेकॉर्ड कसा करायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांची एकच तक्रार आली: रेकॉर्डिंग झालं, पण जाहिराती काढून तुकडे जोडले की चित्र फाटतं, नाहीतर आवाज मागे पडतो. आज तेवढ्यावरच बोलू.

आधी माझीच फजिती सांगतो. साताऱ्याचे माझे थोरले बंधू, आमचे दादा, पेटी वाजवायचे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात त्यांच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम एका मराठी वाहिनीवर लागला. मी इथे छतावरच्या छत्रीवरून तो रेकॉर्ड केला. संध्याकाळी साडेसहालाच रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं, म्हणजे काही चुकायला नको. त्याच दिवाळीत दादा गेले. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धाच्या आधी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, तुमच्याकडे यांचं ते भजन आहे ना? एवढं काढून द्या. सगळे येणार आहेत."

भजन अकरा मिनिटांचं. मी फौजेत सिग्नल्समध्ये आयुष्य काढलेलं. म्हटलं, हे काय, तासाभराचं काम. पण पेन ड्राइव्हवर एका रेकॉर्डिंगच्या दोन फाइली निघाल्या, आणि एक फाइल संपून दुसरी सुरू होत होती ती नेमकी भजनाच्या मध्यावर. मी पहिल्या फाइलचं शेपूट कापलं, दुसरीचं डोकं कापलं, दोन्ही जोडले. जोडावर चित्राच्या चिंध्या झाल्या, आणि तिथून पुढे दादांचं बोट पेटीवर आधी पडायचं आणि सूर मागून यायचा. अर्धाच सेकंद, पण ज्याने तो माणूस वाजवताना पाहिलाय त्याला ते बघवत नाही.

त्या चार दिवसांत जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिला नियम : मूळ फाइलला हात लावायचा नाही

मी तो पेन ड्राइव्ह पुसायलाच निघालो होतो, कारण बॉक्स 'जागा नाही' म्हणत होता. सौभाग्यवतींनी विचारलं, "केलेलं शेवटपर्यंत पाहिलंत का?" पाहिलं नव्हतं. तेवढ्या एका प्रश्नाने मूळ रेकॉर्डिंग वाचलं. तेव्हा आधी दोन प्रती करा, वेगवेगळ्या डिस्कवर. काम प्रतीवर करायचं. मूळ फाइल सगळं तपासून होईपर्यंत तशीच ठेवायची.

तुकडे कुणी केले?

हा प्रश्न मी स्वतःला सगळ्यात उशिरा विचारला. खरं तर तो आधी विचारायला हवा होता. पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. साध्या वाहिनीचं रेकॉर्डिंग सेकंदाला साधारण अर्धा एमबी धरा. म्हणजे सुमारे दोन तास वीस मिनिटांत ४ जीबी भरतात. बॉक्स तिथे फाइल बंद करतो आणि दुसरी उघडतो. मध्ये काय चाललंय, भजन की बातम्या, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता टीव्हीचा प्रवाह कसा येतो ते समजून घ्या. तो १८८ बाइटच्या पुडक्यांनी येतो. याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. फाइलच्या नावापुढचं 'टीएस' ते हेच. यंत्राने केलेला काप कुठेही पडतो, अगदी चित्राच्या मधोमध. पण त्यात काही हरवलेलं नसतं. पहिल्या फाइलचा शेवटचा बाइट आणि दुसरीचा पहिला बाइट हे सख्खे शेजारी असतात. त्यामुळे असे तुकडे आधी जसेच्या तसे एकमेकांपुढे लावायचे आणि मग कापायचं. मी नेमकं उलट केलं होतं.

विंडोजच्या कमांड खिडकीत 'कॉपी' ही आज्ञा 'स्लॅश बी' लावून द्यायची, मग पहिल्या फाइलचं नाव, अधिकचं चिन्ह, दुसरीचं नाव आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. लिनक्सवर हेच काम 'कॅट' करतं. नवी फाइल ४ जीबीच्या वर जाणार, म्हणून ती पेन ड्राइव्हवर न करता कॉम्प्युटरच्या डिस्कवर करा. आणि हे फक्त टीएसला चालतं. दोन एमपी४ फाइली अशा जोडल्या तर बहुतेक वेळा फक्त पहिलीच दिसते, कारण एमपी४मध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची प्रत्येक फाइलची स्वतंत्र अनुक्रमणिका असते.

एक अपवाद. काही बॉक्स रेकॉर्डिंग कुलूपबंद करून ठेवतात. ते फक्त त्याच बॉक्सवर चालतं. कॉम्प्युटरवर नुसता काळा पडदा आला तर तो जोडण्याचा दोष नाही. त्यावर वेळ घालवू नका.

चित्र का फाटतं?

फौजेतलं उदाहरण देतो. सकाळी मुख्यालयाला परिस्थितीचा पूर्ण अहवाल जातो. मग दिवसभर फक्त बदल कळवायचे: अमुक तुकडी पुढे सरकली, तमुक पूल बंद झाला. सकाळचा अहवालच हाती नसेल तर दुपारचे बदल वाचून काय कळणार?

व्हिडिओचं तसंच असतं. आपल्याकडे टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं येतात, पण त्यातलं दर बारा-पंधरा चित्रांमागे एखादंच पूर्ण असतं. त्याला आय-फ्रेम म्हणतात. बाकीची पी आणि बी-फ्रेम म्हणजे नुसते बदल. पी मागच्या चित्रावर टेकते, बी मागच्या-पुढच्या दोन्हींवर. एमपेग-२ वाहिनीवर पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाने येतं. एच.२६४ वापरणाऱ्या वाहिन्यांवर हे अंतर बहुधा जास्त असतं. तुम्ही बदलांच्या मध्ये कापलंत की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत चौकोन, राखाडी पडदा, नाहीतर थिजलेलं चित्र दिसतं.

उपाय: तुकड्याची सुरुवात आय-फ्रेमवरच झाली पाहिजे. शेवटाचं एवढं अडत नाही. एव्हीडीमक्स या मोफत प्रोग्रॅममध्ये वरच्या-खालच्या बाणांनी एका पूर्ण चित्रावरून दुसऱ्यावर जाता येतं, आणि समोरचं चित्र आय, पी की बी तेही खाली लिहिलेलं असतं. जाहिरात काढताना ती संपल्यावर उरणारं पहिलं चित्र आय आहे ना, एवढं पाहा. जाहिरातीचं अर्धं सेकंद राहिलं तर राहू द्या. लॉसलेसकट नावाचा प्रोग्रॅमही मोफत आहे. त्यात 'कीफ्रेम कट' चालू ठेवलं की तो आपण सांगितलेल्या जागेच्या आधीच्या पूर्ण चित्रापासून तुकडा घेतो. म्हणून तुकडा थोडा लांब आला तर घाबरू नका.

आवाज का सरकतो?

यावर उपाय करण्याआधी निदान करा. फाइल व्हीएलसीमध्ये लावा. तिथे 'जे' आणि 'के' या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे-पुढे होतो आणि आकडा पडद्यावर दिसतो. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, असा तीन ठिकाणी आवाज जुळवून आकडे कागदावर लिहा. निकाल तीन प्रकारचा लागतो.

तिन्ही आकडे सारखे आले, तर सगळा आवाज एकाच मापाने सरकलेला आहे. जोडणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तेवढा विलंब भरा, काम झालं.

आकडा एका ठिकाणी एकदम बदलला, तर त्या जागी काहीतरी हरवलंय. माझ्या पहिल्या जोडावर हेच झालं होतं. दुसऱ्या फाइलच्या सुरुवातीची अर्धवट चित्रं प्रोग्रॅमने टाकून दिली, आवाज मात्र पूर्ण ठेवला. म्हणून चित्र पुढे गेलं आणि सूर मागे राहिला.

आकडा हळूहळू वाढत गेला, तर एक तर जोड फार आहेत, नाहीतर चित्रांचा वेग जुळत नाही. जोडांचं गणित सोपं आहे. एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. टीव्हीवर नेहमी येणाऱ्या एमपेग आवाजाचा एक तुकडा २४ मिलिसेकंदांचा. दोघांच्या कडा जुळतात दर १२० मिलिसेकंदांनी. म्हणजे आपला काप चित्रावर बरोबर बसला तरी आवाजावर थोडा इकडेतिकडे पडतोच. एका जोडाला तो फरक कळत नाही. पण प्रोग्रॅम तो सुधारत नसेल आणि फरक प्रत्येक वेळी एकाच बाजूला पडत गेला, तर दहा जोडांत पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि पाव सेकंद ओठांवर स्पष्ट दिसतो. तेव्हा जोड कमीत कमी ठेवा.

आंधी आणि हरवलेली पुडकी

मे महिन्यात जयपूरला धुळीची आंधी उठते. त्या दिवशीही उठली, छत्री हलली आणि भजनात दोन सेकंद चित्र गोठलं. सिग्नल्समध्ये आम्ही प्रत्येक संदेशाला क्रमांक द्यायचो. अकरानंतर तेरा आला की बारा हरवला हे लगेच कळायचं. टीव्हीच्या पुडक्यांवरही ० ते १५ असा फिरता क्रमांक असतो. प्रोग्रॅम 'कंटिन्युइटी एरर' म्हणतो तेव्हा अर्थ एवढाच, की मधला क्रमांक आलेला नाही. जे छत्रीत पोचलंच नाही ते कुठलाही प्रोग्रॅम परत आणणार नाही. पण पुढची नासाडी टाळता येते: खराब भागाच्या आधी एक तुकडा संपवा, नंतरच्या पहिल्या आय-फ्रेमपासून दुसरा सुरू करा. दोन सेकंद जातात. पुढचा आवाज मात्र जागेवर राहतो.

वेळ उलटी का धावते?

'नॉन मोनोटोनिक डीटीएस' हा निरोप पाहून अनेक जण हात टेकतात. त्याचा अर्थ: पुढच्या चित्रावरची वेळ आधीच्या चित्राहून मागची आहे. ही वेळ वाहिनीकडून येते. तिच्या घड्याळाचे सेकंदाला ९०,००० ठोके पडतात आणि मोजायला ३३ बिट असतात. सुमारे साडेसव्वीस तासांनी मोजणी भरते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये तो क्षण आला, तर तासाभराची फाइल सव्वीस तासांची दिसू शकते, किंवा मध्येच अडकते. त्या जागी दोन तुकडे करा आणि जोडताना वेळ नव्याने लिहू द्या. जाहिराती काढल्यावर तुकड्यांवर जुनीच वेळ राहिली तरी असेच निरोप येतात. उपाय तोच.

पानं एकाच मापाची हवीत

जोडायच्या तुकड्यांचं चित्राचं माप, चित्रांचा वेग, व्हिडिओची जात आणि आवाजाची जात सारखी लागते. मीडियाइन्फो हा छोटा प्रोग्रॅम हे सगळं दाखवतो. ७२० बाय ५७६च्या टीव्ही रेकॉर्डिंगला फोनवरचा तुकडा तसाच चिकटवलात तर जोडानंतर हिरवा पडदा येईल, नाहीतर आवाज पळेल. अशा वेळी सगळं पुन्हा एन्कोड करू नका, दर वेळी थोडी प्रत उतरते. जो तुकडा वेगळा आहे तेवढाच बाकीच्यांच्या मापाचा करून घ्या.

आणि एमपी४ शेवटी करा. 'मूव्ह ॲटम नॉट फाउंड' हा निरोप बहुधा वीज गेल्यामुळे येतो: एमपी४ची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, ती लिहायची राहून जाते. टीएस फाइल अर्ध्यावर तुटली तरी तिथपर्यंत चालते.

थोडक्यात क्रम असा: प्रत करा, यंत्राने केलेले तुकडे जोडा, खराब जागा शोधा, पूर्ण चित्रावर कापा, मापं तपासून जोडा, प्रत्येक जोडाच्या आधीची आणि नंतरची दहा सेकंदं हेडफोन लावून पाहा. मग एमपी४.

याच क्रमाने मी दादांचं भजन पाचव्या दिवशी पुन्हा केलं. दोन्ही फाइलींचा जोड शोधूनही सापडत नव्हता. आंधीतले ते दोन सेकंद मात्र गेले. तिथे चित्र एकदम पुढच्या ओळीवर जातं. वहिनींना आधीच सांगून ठेवलं होतं. कार्यक्रम झाल्यावर त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात ती जागा कळली मला. तिथे सगळ्यांनीच ती ओळ म्हणून घेतली. पण भाऊजी, पेटी अगदी बोटाखाली वाजत होती."

तुमच्याकडेही अशी एखादी फाइल कुठल्या तरी पेन ड्राइव्हवर पडून असेल. आज रात्री तिची एक प्रत करून ठेवा, बाकीचं सावकाश करू. पुढच्या भागात व्हीएचएस कॅसेटवरचं कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं ते बघू. जय हिंद.