सहाध्यायाचा निबंध

दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर आवारालगत टेकडीची एक रांग दक्षिणेकडे जाते. या रांगेवर ‘हिंदुराव’ नावाचे मोठे रुग्णालय आहे. रुग्ण, बसचे वाहक आणि विद्यार्थी या सर्वांच्या तोंडी हे नाव रोज येते. परंतु ते एका मराठी सरदाराचे आहे, याचा सहसा कोणी विचार करीत नाही.

असे समजू की इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला या परिसरावर निबंध लिहावयाचा आहे. ती कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातून आलेली आहे. तिचे शालेय शिक्षण मराठीतून झाले. येथे मात्र उत्तरे हिंदीतून वा इंग्रजीतून लिहावयाची असतात आणि तिने हिंदी पत्करली आहे. दोनदा लिहून दोनदा कागद फाडल्यावर ती वर्गातील एका मैत्रिणीकडे जाते. ही मैत्रीण दिल्लीतच वाढलेली, घरी मराठी बोलणारी आणि हिंदी सफाईने लिहिणारी आहे. मदत करण्याची तिची इच्छा मनापासूनची आहे, आणि खरा धोका या इच्छेतच आहे. मैत्रीण लेखणी हाती घेते, वाक्ये बदलते, दोन परिच्छेद स्वतःच लिहून देते. निबंधाला चांगले गुण मिळतात. परंतु परीक्षेच्या दालनात मैत्रीण शेजारी नसते, आणि जिला मदत मिळाली ती मुलगी तेथे पूर्वीइतकीच निराधार असते. शिवाय ‘आपल्याला लिहिता येत नाही’ ही तिची समजूत आता पक्की झालेली असते. असे ऋण कधी फिटत नाही.

मग सहाध्यायाने सहाध्यायाला निबंध शिकवावा तरी कसा?

शिकविणारे विद्यार्थी

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धत नवी नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या लष्करी अनाथालयात अँड्र्यू बेल याने मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला. वाळूवर बोटाने अक्षरे गिरविण्याची एतद्देशीय शाळांतील रीत त्याने पाहिली होती, तीही त्याने उचलली. १७९७ साली त्याने या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडात पसरली. अक्षरे, पाढे आणि पाठांतर यांसाठी ही पद्धत उपयोगी होती, कारण तेथे उत्तर आधीच ठरलेले असते. ते एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे एवढेच. निबंधाचे तसे नाही. निबंधाचे उत्तर कोणापाशीच तयार नसते; ते लिहिणाऱ्यालाच घडवावे लागते.

म्हणून निबंधाच्या दृष्टीने दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. १८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांनी निबंध लिहावा, तो सर्वांसमोर वाचावा आणि मग त्यावर चर्चा व्हावी, अशी तिची रीत होती. लवकरच मराठी व गुजराती बोलणाऱ्यांसाठी ज्ञानप्रसारक सभा या तिच्या शाखा निघाल्या. पुढच्याच वर्षी या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि आरंभी त्यांत स्वतःच विनावेतन शिकविले. या सभेत कोणी कोणाचा निबंध लिहून देत नव्हता. समोर ऐकणारी माणसे बसली आहेत, त्यांना आपले म्हणणे कळले नाही तर ती विचारतील, ही जाणीवच तेथे गुरूचे काम करीत होती.

विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रूफी या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांनाच लेखनाचे साहाय्यक म्हणून तयार केले, तेही याच जाणिवेवर भिस्त ठेवून. लेखन हे संभाषणातून उगवते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

न जाणण्याचा उपयोग

सहाध्यायापाशी एक गोष्ट अशी असते की जी शिक्षकापाशी नसते. शिक्षकाला उत्तर बहुधा ठाऊक असते; त्याचा प्रश्न हा परीक्षेचा प्रश्न होय. सहाध्यायाला ते खरोखरच ठाऊक नसते. त्याचा प्रश्न हा जिज्ञासेचा प्रश्न होय. लिहिणाऱ्याला हा फरक तत्काळ जाणवतो.

कागलच्या मुलीचा निबंध असा सुरू होतो : ‘भारताचा इतिहास गौरवशाली आहे. दिल्ली ही भारताची राजधानी आहे. हिंदुराव हे दिल्लीतील एक ऐतिहासिक ठिकाण आहे.’ या वाक्यांत चूक एकही नाही. परंतु ती कोणीही लिहू शकला असता. मैत्रिणीने येथे वाक्ये न सुधारता निबंध मोठ्याने वाचावयास सांगावा आणि वही मिटून विचारावे, “पण हिंदुराव होता कोण?”

“घाटगे. आमच्या कागलचे.”

“कागल म्हणजे कुठे? मला नाही माहीत. सांग ना, मराठीतच सांग.”

आता बांध फुटतो. कागलच्या घाटग्यांच्या घराण्यात राजर्षी शाहूंचा जन्म झाला, हे त्या मुलीला लहानपणापासून ठाऊक आहे. सर्जेराव घाटग्यांची कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांना दिली होती आणि हिंदुराव हा तिचा भाऊ, हे तिने अलीकडे वाचले आहे. १८३३ साली बायजाबाईंना ग्वाल्हेर सोडावे लागले. हिंदुराव पुढे दिल्लीत स्थायिक झाला. टेकडीवरील घर विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचे होते. १८३५ साली त्याचा खून झाल्यावर ते हिंदुरावाने घेतले. हिंदुराव १८५५ साली वारला आणि दोनच वर्षांनी, दिल्लीच्या वेढ्यात, इंग्रज सैन्याने त्या घरात आपले मुख्य ठाणे केले.

“मग घर इंग्रजांनी बांधलं, इंग्रजच तिथून लढले, आणि नाव हिंदुरावांचं कसं राहिलं?”

निबंधाला हवा होता तो प्रश्न हाच. तो मैत्रिणीने विचारला. उत्तर मात्र कागलच्या मुलीने शोधावयाचे आहे. लढाईच्या बातम्यांत आणि नकाशांत ते घर ‘हिंदुरावाचे घर’ म्हणूनच नोंदले गेले व नाव कायम झाले, हे तिला ग्रंथालयात सापडेल. रुग्णालयाच्या जवळच उभा असलेला अशोकस्तंभही तिला आता निराळा दिसेल. फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून आणला. फर्रुखसियरच्या काळी दारूच्या कोठाराच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ साली तो पुन्हा उभारण्यात आला. पहिल्या मसुद्यात हा स्तंभ केवळ यादीतील एक नाव होता. आता तो एका विचाराचा पुरावा होतो : या टेकडीवर वस्तू एकाची, जागा दुसऱ्याची आणि नाव तिसऱ्याचे असते.

आधी मोठे, मग लहान

प्रश्नांना क्रम असावा. प्रथम सांगावयाचे काय, ते एका वाक्यात म्हणता येते की नाही, हे पाहावे. नंतर परिच्छेदांचा क्रम पाहावा : प्रत्येक परिच्छेदाचा आशय समासात चार शब्दांत लिहिला म्हणजे कोठे पुनरुक्ती आहे, कोठे दुवा तुटला आहे, हे लेखकाचे लेखकालाच दिसते. वाक्ये आणि शुद्धलेखन सर्वांत शेवटी. जो परिच्छेद उद्या गाळावयाचा आहे, त्यातील ऱ्हस्वदीर्घ आज सुधारणे व्यर्थ होय.

भाषेच्या चुकाही सरसकट दुरुस्त करू नयेत. मराठीतून हिंदीत येणाऱ्याच्या चुकांना वळण असते. मराठीत ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी; मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. साहाय्यकाने एका जातीची एक चूक दाखवावी आणि तशाच आणखी चुका मुलीलाच शोधावयास लावाव्यात. एका बैठकीत अशा दोन गोष्टी पुरेत. लाल शाईने भरलेले पान पाहून शिकण्यापेक्षा खचणारेच अधिक असतात.

या सर्वांमागे एकच नियम आहे : साहाय्यकाचा हात कागदावर जाऊ नये. कधी लेखक अडतो आणि शब्द सुचविण्याचा मोह आवरत नाही. अशा वेळी साहाय्यकाने दोन पर्याय सांगून निवड त्याच्याकडे सोपवावी. थोडा वेळ गप्प राहणे तर त्याहून चांगले.

शेवटी कागलच्या मुलीच्या निबंधाचा प्रारंभ कदाचित असा होईल : ‘दिल्लीतील एका रुग्णालयाला माझ्या तालुक्यातील माणसाचे नाव आहे.’ या वाक्यात अलंकार नाही, आणि हिंदीत उतरवताना त्यात एखादी चूकही राहील. परंतु ते तिच्यावाचून दुसरे कोणी लिहू शकले नसते. पुढचा निबंध लिहिताना मैत्रीण शेजारी नसली, तरी तिचे “म्हणजे कुठे?” आणि “कसं राहिलं?” हे प्रश्न ती मुलगी स्वतःला विचारील. तेथे साहाय्यकाचे काम संपते.