घरातील भाषा आणि वयात येणारी मुलगी

मुलीच्या स्वभावाची घडण घरात होते, हे सर्वमान्य आहे. ती कोणत्या साधनांनी होते, याचा विचार करताना मात्र आपण रीतिरिवाज, शिक्षण, आर्थिक स्थिती यांचा उल्लेख करतो आणि घरातील बोलण्याकडे सहसा लक्ष देत नाही. प्रस्तुत टिपणात मराठी घरांतील दोन-तीन भाषिक सवयींचा या दृष्टीने विचार केला आहे.

प्रथम एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण ज्याला किशोरवय म्हणतो, ते पूर्वी पुष्कळशा मुलींच्या वाट्याला माहेरी येतच नसे. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. माहेरचे यमुना हे नावही त्याबरोबर गेले. पतीच्या आग्रहाने त्या शिकू लागल्या, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांना सोसावा लागला, हे त्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आले आहे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले, १९४९ मध्ये ते १५ झाले आणि १९७८ मध्ये १८. म्हणजे हे वय माहेरी काढण्याची मुभा मुलीला फार उशिरा लाभली. घरातली भाषा मात्र त्या मानाने बदलली नाही. ती तिला अजून सासरसाठीच तयार करीत असते.

आमच्या पाहण्यातील घरांत मुलाला सांगितले जाते, 'असे करू नकोस'. मुलीला सांगतात, 'मुलीच्या जातीने असे करू नये'. 'नकोस' हा समोरच्या व्यक्तीला केलेला निषेध आहे. त्याला 'का?' असे विचारता येते, रुसता येते, प्रसंगी भांडताही येते. 'नये' हे मुळात 'न ये'. त्यात सांगणारा दिसत नाही, आणि ऐकणारी एक विशिष्ट मुलगी न राहता जातीची प्रतिनिधी होते. अशा वाक्याशी वाद घालायचा तर कोणाशी? म्हणून मुलगी उलट उत्तर देते तेव्हा ते आईला उद्धटपणाचे वाटते आणि मुलीला आपले कोणी ऐकत नाही असे वाटते. माय-लेकींचे कित्येक तंटे व्याकरणाच्या या वळणावर सुरू होतात, असे आमचे मत आहे. (मुलांनाही 'नये' ऐकावे लागते, हे खरे, पण 'मुलग्याच्या जातीने' हा प्रयोग आम्ही अद्याप ऐकलेला नाही.)

दुसरी सवय संबोधनाची. धाकटे भावंड जन्मले की थोरली मुलगी 'ताई' किंवा 'अक्का' होते, आणि पुष्कळदा आई-वडीलही तिला त्याच नावाने हाक मारू लागतात. ज्यांची ती लेक आहे त्यांनीच तिला बहीण म्हणून ओळखावे, हे विलक्षण आहे. समजूतदारपणा अशा मुलीच्या अंगी लवकर येतो, परंतु तो तिला नावाबरोबर मिळालेला असतो. चौदा-पंधराव्या वर्षी तिने तो झुगारून पाहिला, तर घराला तो आघात वाटतो.

नात्यांच्या शब्दांत सांत्वनही असे. 'माहेर' म्हणजे मातृगृह, 'सासर' म्हणजे श्वशुरगृह. पण जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्याला 'मामंजी' म्हणे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत होती आणि तेथे सासू ही खरोखरीच आत्या असे. जेथे ती आत्या नसे, तेथेही परक्या घराला ओळखीचे नाव मिळे.

आता हे शब्द मागे पडले आहेत. शहरातील सून सासूला 'आई'च म्हणते. मात्र जन्मदात्या आईला ती 'आई, तू जेवलीस का?' असे विचारते आणि सासूला 'आई, तुम्ही जेवलात का?' असे.