समजून घ्या : घराजवळच्या ‘इटालियन’मध्ये ताटात काय येते आणि बिलात काय?

आईच्या पंचाहत्तरीला घरापासून दहा मिनिटांवरच्या एका इटालियन रेस्तराँमध्ये आम्ही पाच जणांचे टेबल आरक्षित केले होते. मंद दिवे, भिंतीत लाकडाची भट्टी, कापडी नॅपकिन. आई माळकरी, त्यामुळे मेन्यूतला हिरवा ठिपका पाहूनच तिच्यासाठी पास्ता मागवला. चार घास झाल्यावर वेटर किसणी आणि चीजचा तुकडा घेऊन आला, ‘‘मॅडम, थोडे पार्मेझान?’’ हॉटेल मॅनेजमेंट शिकणाऱ्या भाचीने त्याला थांबवले. ‘‘दादा, यात रेनेट कुठले आहे?’’ तो प्रामाणिक होता. ‘‘विचारून सांगतो,’’ म्हणाला. परत आला तेव्हा आवाज उतरलेला होता. चीज इटलीहून आलेले होते, त्यात वासराचे रेनेट होते आणि पास्त्याच्या सॉसमध्येही तेच घातलेले होते.

आई काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने पाण्याशिवाय काही घेतले नाही. पुढे बिल आले, त्यात ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ नावाची एक ओळ होती. तिच्याविषयी नंतर.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन पाककलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपली दिवाळीही त्याच बैठकीत त्या यादीत गेली. इटालियन जेवण आता पंचतारांकित हॉटेलापुरते उरलेले नाही. पुण्या-मुंबईत, नाशकात ते सोसायटीच्या कोपऱ्यावर आले आहे. मात्र मेन्यू आणि बिल वाचायची सवय अजून आपल्याला तितकीशी लागलेली नाही.

चीज मांसाहारी कसे असू शकते?

दूध फाटवून त्याची घट्ट गाठ धरायला रेनेट लागते. पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या पोटाच्या अस्तरातून काढतात. ते मिळवण्यासाठी वासरू मारलेले असते, हे स्पष्टच सांगायला हवे. ‘पार्मिजानो रेज्जानो’ हे नाव युरोपात कायद्याने संरक्षित आहे आणि त्याची कृती ठरलेली आहे: दूध, मीठ आणि वासराचे रेनेट, वर किमान १२ महिने मुरवणे. म्हणजे त्या नावाचे अस्सल चीज शाकाहारी असूच शकत नाही. त्याचा भाऊ ‘ग्राना पादानो’ही तसाच, शिवाय त्यात अनेकदा अंड्यातून काढलेले लायसोझाइम असते. ‘पेकोरिनो रोमानो’साठी कोकराचे रेनेट वापरतात.

याउलट भारतात तयार होणारे बहुतेक चीज सूक्ष्मजीवांपासून मिळवलेल्या रेनेटवर बनते. ‘पार्मेझान’ या नावाने इथे विकले जाणारे देशी चीज बहुधा याच प्रकारचे असते आणि पाकिटावर हिरवा ठिपका असतो. मोझरेला आणि बुराटाही आता देशी डेअऱ्या करतात. गंमत अशी की, शाकाहारी माणसाला स्वस्त, देशी चीज चालते आणि महागडे, अस्सल चालत नाही. रेस्तराँ जितके ‘ऑथेंटिक’, तितका प्रश्न विचारणे गरजेचे.

मग हिरवा ठिपका? अन्नसुरक्षेच्या नियमांत मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून दूध आणि दुग्धजन्य पदार्थ वगळलेले आहेत. त्यामुळे चीज म्हटले की मेन्यू लिहिणाऱ्याचा हात हिरव्या ठिपक्याकडेच जात असावा. ज्यांना रेनेट चालत नाही त्यांनी ठिपक्यावर विसंबू नये.

चीज सोडूनही काही जागा आहेत. रिसोटो आणि मिनेस्त्रोने सूप चिकनच्या स्टॉकमध्ये शिजवलेले असू शकते. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँचोवी नावाचे छोटे खारवलेले मासे असतात. पेस्टोत तुळशीच्या जातीतल्या बेसिलबरोबर पार्मिजानो किंवा पेकोरिनो वाटलेले असते. घरगुती ताज्या पास्त्यात अंडे असते, सुक्यात बहुतेक वेळा नसते. पाना कोत्ताला थरथरता आकार देणारे जिलेटिन प्राणिजन्य असते. तिरामिसूत मूळ कृतीनुसार कच्चे अंडे, आणि पुष्कळदा मद्यही. भारतात अनेक ठिकाणी ते अंड्याविना करतात, पण ते विचारल्यावरच कळते. सीझर सॅलडही याच यादीतले, फक्त ते इटलीचे नव्हे. १९२० च्या दशकात मेक्सिकोतल्या तिहुआना शहरात एका इटालियन स्थलांतरिताच्या रेस्तराँमध्ये ते जन्मले.

विचारायचे कसे?

‘व्हेज आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो सर’ असेच येते. त्याऐवजी नेमके विचारावे. ‘पार्मेझान देशी आहे की आयात केलेले?’, ‘पाकिटावर हिरवा ठिपका आहे का?’, ‘रिसोटोचा स्टॉक भाजीचा आहे का?’ चांगल्या जागी वेटर किचनमध्ये जाऊन विचारून येतो. पाकीट दाखवा म्हटले तरी हरकत घेऊ नये. टेबल आरक्षित करतानाच फोनवर सांगितले तर उत्तम, कारण शनिवारी रात्री नऊ वाजता शेफला वेळ नसतो. आम्ही नेमके तेच केले नव्हते.

जैन मंडळींना कांदा-लसूण टाळणे इथे अवघड जाते. बहुतेक सॉसची सुरुवातच लसणाने किंवा बारीक चिरलेल्या कांदा-गाजर-सेलरीच्या फोडणीने होते आणि ते सॉस सकाळीच करून ठेवलेले असतात. अशांनी पूर्ण शाकाहारी इटालियन जागा शोधाव्यात. पुण्यातून सुरू झालेली ‘लिटल इटली’ ही साखळी याच गरजेवर वाढली.

आधी काय, नंतर काय?

इटलीत पास्ता हे मुख्य जेवण नसते. आधी अँतिपास्ती म्हणजे चटकमटक सुरुवात, मग ‘प्रीमी’ म्हणजे पास्ता किंवा रिसोटो, त्यानंतर ‘सेकोंदी’ म्हणजे मांस किंवा मासे, सोबत भाजी, शेवटी गोड. आपल्याकडे चार जणांत दोन पिझ्झा, दोन पास्ते वाटून घेतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही, बशा वेगळ्या मागाव्यात इतकेच. चीज घातलेला गार्लिक ब्रेड इटलीचा नसून अमेरिकेत गेलेल्या इटालियनांचा म्हणायला हवा. कॅपुचिनो इटलीत सकाळचे पेय आहे, जेवणानंतर तिथे छोटी एस्प्रेसो घेतात.

पास्ता कच्चा, पिझ्झा जळका?

वेटरना या दोन तक्रारी वारंवार ऐकाव्या लागतात आणि त्यात चूक बहुधा कोणाचीच नसते. पास्ता ‘अल देंते’ उतरवतात, म्हणजे दाताला किंचित लागेल इतपत. आपल्याला शेवयांच्या मऊपणाची सवय. मऊ हवा असेल तर तसे सांगावे, आपल्या पैशांचे जेवण आहे.

नापोलीच्या पद्धतीचा पिझ्झा सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत दीड मिनिटाच्या आत भाजतात. कडेवर काळे ठिपके येतात, मधला भाग ओलसर राहतो. ज्वारीची भाकरी निखाऱ्यावर फुगते तेव्हा तिच्यावर डाग पडतात, तसेच हे. ठिपके ठीक, पण तळ सगळा काळा आणि कडू असेल तर तो जळलेलाच. परत पाठवा.

रिसोटोला आर्बोरिओ किंवा कार्नारोली तांदूळ लागतो. तो इंद्रायणीच्या आसट भातासारखा दिसला तरी दाण्याचा गाभा टणक राहायला हवा. कच्च्या तांदळापासून करायला १८ ते २० मिनिटे लागतात. पाचव्या मिनिटाला टेबलावर आला तर तांदूळ आधी अर्धवट शिजवून ठेवलेला होता असे समजावे.

पास्त्याचा गहू आपल्याला परका नाही. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो आणि आपला बन्सी गहू ड्युरमच. इटालियन मेन्यूवर ‘फार्रो’ नावाने जे धान्य सॅलडमध्ये भाव खाते, ते बहुतेकदा एमर गहू असते, म्हणजे सांगली-साताऱ्याकडचा खपली. खपलीची खीर खाऊन वाढलेल्या माणसाने फार्रो सॅलडचा दर पाहून थोडे हसावे, एवढा त्याला हक्क आहे.

पैसे कुठे वसूल होतात? आमचे मत असे : टोमॅटो सॉसमधला पेने घरी पंधरा मिनिटांत होतो, त्यासाठी बाहेर जाऊ नये. लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, हाताने केलेला ताजा पास्ता, दिवसभर फुगू दिलेल्या पिठाचा फोकाचा, हे घरच्या ओट्यावर जमत नाही. तेच मागवावे.

बिलात काय बघायचे?

हॉटेलच्या आवाराबाहेरील स्वतंत्र रेस्तराँत जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो, अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा. खोलीभाडे ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलातल्या रेस्तराँत तो १८ टक्के असतो. बिलावर जीएसटी क्रमांक हवा, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या जागांना ग्राहकाकडून जीएसटी घेताच येत नाही.

मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्रात परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. वाइनच्या ग्लासवर जीएसटी लावलेला दिसला तर बिल दुरुस्त करून मागावे.

आता ती ओळ. आमचे जेवण ४,२०० रुपयांचे. त्यावर १० टक्के ‘स्टाफ कॉन्ट्रिब्युशन’ म्हणजे ४२०. आणि मग ५ टक्के जीएसटी या दोहोंच्या बेरजेवर, ४,६२० वर, म्हणजे २३१. एकूण ४,८५१. ती ओळ नसती तर ४,४१०. फरक ४४१ रुपयांचा.

हे सेवा शुल्कच, नाव तेवढे बदललेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचे नाही, दुसऱ्या कुठल्या नावाने घ्यायचे नाही, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगायचे, त्यावरून प्रवेश नाकारायचा नाही आणि जेवणाच्या रकमेत मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. रेस्तराँ संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळून तत्त्वे कायम ठेवली. त्यावर संघटनांनी खंडपीठाकडे अपील केले. संघटनांची बाजू अशी की, हा पैसा भांडी घासणाऱ्यापासून सगळ्यांत वाटला जातो, टिप मात्र फक्त टेबलावरच्या वेटरला मिळते. मुद्दा चुकीचा नाही. पण मग तो पदार्थाच्या दरात धरावा, मेन्यू उघडतानाच ग्राहकाला कळेल.

इटलीतही हा वाद आहेच. तिथे ‘कोपेर्तो’ नावाने माणशी एक-दोन युरो टेबलाचे घेतात. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे, तिथे २००६ च्या कायद्याने त्यावर बंदी आणली.

पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त?

घेता येतात. रेस्तराँ नुसती बाटली विकत नाही, सेवाही देते, म्हणून छापील किमतीचे बंधन तिथे लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले. ‘स्टिल की स्पार्कलिंग?’ या प्रश्नाला ‘साधे पाणी’ हे तिसरे उत्तर असते. बसल्या बसल्या द्यावे, कारण बाटली उघडल्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सेवा शुल्क काढायला नकार दिला तर?

आधी मॅनेजरला शांतपणे सांगावे. बहुतेक वेळा तिथेच काम होते. नाही झाले तर बिलाचा फोटो ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते, ऑनलाइनही करता येते. पैसे भरले म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही. चीजबद्दल चुकीची माहिती दिली असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जाता येते. मात्र वेटर काय म्हणाला यापेक्षा मेन्यूवर काय छापले होते त्याचा फोटो कामी येतो.

आमच्या बिलातली ओळ मॅनेजरने दोन मिनिटांत काढली, पास्त्याचे पैसेही घेतले नाहीत. मेन्यूतला ठिपका बदलतो म्हणाले. जाऊन विचारून आलेल्या त्या वेटरच्या हातात भाचीने दोनशे रुपये दिले. आईने घरी आल्यावर आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि मग दहीभात खाल्ला.